रेल्वेचे पोलीस कुणाचे? स्कॉटलंडमध्ये अडलेलं एक विलीनीकरण

मावसभावाची बॅग रात्रीच्या एक्सप्रेसमधून गेली. कधी गेली ते त्याला सांगता येईना, कारण तो झोपला होता. सकाळी उतरून तो स्टेशनबाहेरच्या पोलीस ठाण्यात गेला. ठाणे अंमलदारानं पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "गाडीत गेली ना? मग लोहमार्गकडे जा." लोहमार्ग पोलिसांनी ऐकून घेतलं, बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "जाग कुठल्या स्टेशनला आली? त्याआधी शेवटचं स्टेशन कुठलं बघितलंत?" त्या दोन स्टेशनांच्या मध्ये तीन ठाण्यांच्या हद्दी होत्या. फलाटावर खाकीतला आणखी एक जवान उभा होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही आरपीएफ, एफआयआर आमच्याकडे होत नाही. शेवटी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदला गेला आणि पुढे कुठंतरी 'वर्ग' झाला.

यात कुणी कामचुकारपणा केला असं मला वाटत नाही. गडबड मुळातच आहे. गावाची किंवा शहराची पोलीस हद्द चादरीसारखी पसरलेली असते आणि रेल्वे असते सुतळीसारखी. एक सुतळी पन्नास चादरींवरून जाते. मग सुतळीची राखण कुणी करायची? प्रत्येक चादरीवाल्यानं आपापल्या तुकड्याची, की सबंध सुतळीसाठी एकच माणूस नेमायचा?

हा प्रश्न जगात बऱ्याच देशांना पडला आहे. पण त्याची सगळी गाठोडी एकदम सोडून बघायची असतील तर स्कॉटलंडचं प्रकरण घ्यावं. तिथं २०१७ मध्ये संसदेनं रीतसर कायदा केला: ब्रिटनभरच्या रेल्वे पोलिसांचा स्कॉटलंडमधला भाग तोडायचा आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पोलीस दलात विलीन करायचा. तारीख ठरली, १ एप्रिल २०१९. ती तारीख आली आणि गेली. विलीनीकरण काही झालं नाही.

का झालं नाही हे समजायला आधी हे रेल्वे पोलीस कोण ते बघू.

त्यांचं नाव ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस, बोलीत बीटीपी. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड या तिन्ही ठिकाणच्या रेल्वेमार्गांवर, शिवाय लंडनच्या अंडरग्राउंडमध्ये आणि ग्लासगोच्या भुयारी रेल्वेत पोलीस म्हणून हेच काम करतात. संख्या तीन हजारांच्या आसपास. म्हणजे पसारा देशभर, पण मनुष्यबळ एखाद्या मध्यम शहराच्या आयुक्तालयाएवढं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हे दल एका घोषणेमुळे तोंडपाठ असेल. दर काही मिनिटांनी स्टेशनवर बाई सांगते, काही विचित्र दिसलं तर ६१०१६ वर मेसेज करा, आणि शेवटी "सी इट, से इट, सॉर्टेड".

या दलाचं मूळ सरकारी नाही, खासगी आहे. १८३०च्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वे कंपन्या निघाल्या तेव्हा बहुतेक गावांना धड पोलीसच नव्हते. कंपन्यांनी आपले शिपाई नेमले. हे शिपाई चोर पकडायचे आणि रुळांशेजारी उभं राहून हातानं इशारे करून गाड्याही सोडायचे. सिग्नल देणं हे तेव्हा पोलिसाचं काम होतं. ब्रिटिश रेल्वेत सिग्नलवाल्याला 'बॉबी' म्हणतात ते तेव्हापासून. पोलीस आणि रेल्वे चालवणं ही दोन कामं सुरुवातीला एकाच माणसाच्या अंगावर होती, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

एक जुना किस्सा सांगतो. १ जानेवारी १८४५ ला लंडनबाहेरच्या स्लाऊ गावात एका बाईचा खून झाला. संशयित जॉन टॉएल गाडीत बसून लंडनकडे निघाला. त्या काळी गाडीपेक्षा वेगानं जाणारं काहीच नव्हतं, एक सोडून: रेल्वेच्या कडेनं नुकत्याच टाकलेल्या तारा. स्लाऊहून पॅडिंग्टनला तार गेली, की क्वेकर पंथाच्या वेषातला एक माणूस पहिल्या वर्गाच्या अमुक डब्यात आहे. त्या यंत्रात 'क्यू' हे अक्षरच नव्हतं, म्हणून क्वेकर हा शब्द 'के-डब्ल्यू'नं सुरू करून पाठवला. पलीकडच्या माणसाला आधी काही उलगडेना. पण उलगडलं. पॅडिंग्टनला रेल्वे पोलिसांच्या एका सार्जंटनं गणवेशावर साधा कोट चढवला आणि टॉएलचा पाठलाग केला. दुसऱ्या दिवशी तो पकडला गेला, मार्चमध्ये फाशी गेला. गुन्हेगार रुळांवरून पळत असेल तर खबरही रुळांवरूनच, त्याच खात्यातल्या माणसाकडून त्याच खात्यातल्या माणसाकडे गेली पाहिजे. बीटीपीवाले पावणेदोनशे वर्षांनी स्कॉटिश आमदारांना तेच सांगत होते, फक्त तारेऐवजी कंट्रोल रूम होती.

१९४८ मध्ये ब्रिटनची रेल्वे सरकारी झाली, १९४९ मध्ये कंपन्यांची वेगवेगळी पोलीस दलं एक झाली, १९६०च्या दशकात आजचं नाव मिळालं. मग १९९०च्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं तरी पोलीस दल फुटलं नाही. २००३ च्या कायद्यानं त्याला एक स्वतंत्र प्राधिकरण दिलं, आणि त्याच वेळी त्याच्या दोन विचित्र गोष्टी कायम राहिल्या.

पहिली: पैसा रेल्वेवाले देतात. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या आणि रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल या प्राधिकरणाशी करार करतात आणि ठरलेल्या सूत्रानं बिल भरतात. म्हणजे बंदोबस्ताचा खर्च तिकिटातून आणि रेल्वेच्या अनुदानातून निघतो, गृहखात्यातून नाही.

दुसरी: बीटीपीचा शिपाई हा नोकरदार आहे. ब्रिटनमध्ये इतर पोलीस शिपाई कायद्यानं कुणाचे 'नोकर' नसतात. ते राजसत्तेखालचं एक पद धारण करतात. बीटीपीचा शिपाई मात्र शपथ तीच घेतो, अटकही करतो, आणि तरी प्राधिकरणाबरोबर त्याचा रोजगाराचा करार असतो. कागदावर हे किरकोळ वाटतं. विलीनीकरणाच्या वेळी याच कागदानं पाय अडवला.

आता स्कॉटलंडकडे. तिथं १ एप्रिल २०१३ ला आठ प्रादेशिक पोलीस दलं एकत्र करून 'पोलीस स्कॉटलंड' हे एकच राष्ट्रीय दल झालं, साधारण १७ हजार पोलिसांचं. (या सगळ्या प्रकरणात १ एप्रिल सारखा येतो. योगायोग नाही, आर्थिक वर्षाचा पहिला दिवस आहे.) पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, स्वातंत्र्याचं सार्वमत झालं. स्कॉटलंड ब्रिटनमध्येच राहिलं, पण जादा अधिकार द्यायचं कबूल झालं होतं. ते कुठले हे ठरवायला स्मिथ आयोग बसला. नोव्हेंबरअखेर आलेल्या अहवालात कर, भत्ते अशा मोठ्या गोष्टींच्या गर्दीत एक छोटं वाक्य होतं: बीटीपीची स्कॉटलंडमधली कामं यापुढे स्कॉटलंडच्या अखत्यारीत. २०१६ च्या स्कॉटलंड कायद्यानं तो अधिकार प्रत्यक्षात आला.

इथं नीट बघा. अधिकार मिळाला म्हणजे विलीनीकरण आलंच असं नाही. बीटीपीच्या प्राधिकरणानं तीन वाटा मांडल्या होत्या. एक, रचना तीच ठेवायची आणि स्कॉटलंडला तिच्यावर देखरेखीचा वाटा द्यायचा. दोन, तेच कायद्यानं पक्कं करायचं. तीन, स्कॉटलंडमधला विभाग काढून पोलीस स्कॉटलंडमध्ये मिसळायचा. स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या (एसएनपी) सरकारनं तिसरी वाट धरली. २०१६ मध्ये लोकांची मतं मागवली तेव्हाही प्रश्न 'मिसळावं का' असा नव्हता, 'कसं मिसळावं' असा होता. तुम्हाला जेवायला बोलवायचं आणि 'भात की पोळी' एवढंच विचारायचं, तसं. मला विचाराल तर पुढच्या निम्म्या कटकटीचं मूळ या एका प्रश्नपत्रिकेत आहे.

सरकारची बाजू पोकळ होती असं मात्र नाही. स्कॉटलंडचा फौजदारी कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आहे, न्यायालयं वेगळी, सरकारी वकिलाचं पदही वेगळं. रेल्वेसेवा कशी चालावी हेसुद्धा बऱ्याच अंशी स्कॉटिश सरकार ठरवतं. मग फलाटावरच्या पोलिसानं उत्तर लंडनला का द्यावं? शिवाय स्कॉटलंडमध्ये बीटीपीचे पोलीस जेमतेम दोनशेच्या वर. सशस्त्र तुकडी, हेलिकॉप्टर, मोठा तपास यासाठी त्यांना पोलीस स्कॉटलंडकडेच हात पसरावा लागतो. एकाच घरात राहिले तर मागायची गरज नाही. ग्लासगो सेंट्रल स्टेशनच्या दारात दारू पिऊन मारामारी झाली, पायरीच्या आत एका दलाचे लोक आणि पायरीच्या बाहेर दुसऱ्या, हे कुणालाही पटवून देणं अवघडच.

पण पायरीवरची हद्द पुसली की ती दुसरीकडे उमटते. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून ग्लासगोला जाणारी गाडी घ्या. कार्लाइल हे इंग्लंडमधलं शेवटचं मोठं स्टेशन. तिथून गाडी सुटली की काही मिनिटांत ग्रेटनाजवळ सीमा ओलांडते, पुढे लॉकर्बी. समजा, कार्लाइल सोडताना एका प्रवाशानं दुसरीला त्रास द्यायला सुरुवात केली आणि तिनं ६१०१६ वर मेसेज केला. आजच्या रचनेत एकच कंट्रोल रूम, एकच नोंद, पुढच्या स्टेशनवर जो शिपाई जवळ असेल तो चढतो. विलीनीकरणानंतर याच गाडीला वाटेत दोन दलं, दोन कंट्रोल रूम, दोन संगणक प्रणाली. सीमेपलीकडे अटकेचे अधिकार कायद्यानं देता येतात, तो भाग सोपा आहे. मेसेज कुणाच्या पडद्यावर उमटणार आणि तो पडदा बघणाऱ्याला पुढच्या गाडीत कोण शिपाई आहे ते दिसणार का, हा भाग अवघड.

आपल्याला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. कोकणकन्या सावंतवाडी सोडून पेडण्यात शिरते तेव्हा डब्यातली माणसं तीच, चहावाला तोच, पण महाराष्ट्राचे पोलीस संपून गोव्याचे सुरू झालेले असतात. आपल्या राज्यघटनेत रेल्वे केंद्राच्या सूचीत आहे, पण पोलीस राज्याच्या सूचीत, आणि तिथं कंसात स्पष्ट लिहिलंय की यात रेल्वे पोलीसही आले. म्हणून लोहमार्ग पोलीस हे राज्य पोलिसांचाच भाग. त्यांचा निम्मा खर्च रेल्वे उचलते. आरपीएफ हे केंद्राचं वेगळं दल, मूळ काम रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण. म्हणजे स्कॉटलंडला जे करून बघायचं होतं, त्याच्या जवळपासच्या अवस्थेत आपण राहतोच आहोत. मावसभावाच्या बॅगेचं तीन ठिकाणी झालेलं स्वागत हे त्याच अवस्थेचं रोजचं रूप.

विरोधकांचा दुसरा मुद्दा रुळांवरच्या कामाचा होता, आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. रुळांवर उतरणं हे रस्त्यावर उतरण्यासारखं नाही. डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे (आपल्याकडे आहे तेवढीच), गाडीला थांबायला काही वेळा किलोमीटरभर लागतो, आणि धुक्यात ती ऐकू येण्याआधी अंगावर येते. म्हणून बीटीपीच्या पोलिसांना रुळांवरच्या सुरक्षिततेचं वेगळं प्रशिक्षण आणि परवाना लागतो. हे शिकवता येतं. पण नुसता परवाना पुरत नाही.

रुळांवर कुणाचा मृत्यू झाला, की पोलीस आल्याशिवाय मार्ग मोकळा होत नाही. घातपात आहे का, अपघात आहे का, हे बघायला हवं. शिपाई अनुभवी नसेल तर तो शहाणपणानंच सगळं बंद ठेवतो. गुन्ह्याची जागा आहे, हलवू नका, वरिष्ठ येऊ द्या. त्याच्या प्रशिक्षणाप्रमाणे तो बरोबर आहे. पण त्या वेळी मागे आठ गाड्या उभ्या असतात, त्यातल्या दोन बोगद्यात, दिवे मंद झालेले, लोकांना स्वच्छतागृह मिळेना, कुणीतरी वैतागून दार उघडून रुळांवर उतरायच्या बेतात. म्हणजे एका मृत्यूच्या मागे दुसऱ्याची तयारी. संशयास्पद काही नसेल तर दीड तासाच्या आत मार्ग रेल्वेच्या ताब्यात परत द्यायचा, असं बीटीपीनं स्वतःला लक्ष्य घालून घेतलं होतं. पंचनामा नीट व्हावा, मृताची विटंबना होऊ नये आणि गाड्याही सुटाव्यात, हे तिन्ही एकदम जमायला ते काम शेकडो वेळा केलेलं असावं लागतं. मघाशी म्हटलं ना, रेल्वे पोलीस आणि सिग्नलवाला मुळात एकच माणूस होता. ती जुनी नाळ इथं दिसते.

शिवाय ब्रिटनच्या रेल्वेत उशिराच्या मिनिटांचे पैसे मोजले जातात. रूळ सांभाळणारा आणि गाडी चालवणारा यांच्यात नुकसानभरपाईचा हिशोब सतत चालू असतो. कंपन्या पोलिसांचं बिल कुरकुरत का होईना भरतात, ते त्यामुळेच. त्यांची भीती अशी होती की मोठ्या दलात मिसळल्यावर हे दोनशे जण हळूहळू दुसऱ्या कामाला लागतील. शनिवारी रात्री शहरात दंगा झाला तर फलाटावरचा शिपाई तिकडे पळणारच, आणि बिल मात्र रेल्वेच्या नावावर फाटणार. कायद्यात यावर तोड होती: पोलीस स्कॉटलंडच्या प्राधिकरणानं रेल्वे कंपन्यांशी करार करावेत आणि दोघांचा एक मंच असावा. पण करारात लिहिलेले शिपाई आणि प्रत्यक्ष फलाटावर दिसणारे शिपाई यांत किती अंतर असू शकतं, हे ज्यानं एकदा तरी सोसायटीच्या सुरक्षारक्षकांचं कंत्राट सांभाळलंय त्याला विचारा.

आता त्या रोजगाराच्या कराराकडे येऊ. विलीनीकरण म्हटलं की महाराष्ट्रात एसटीचा संप आठवतो. २०२१-२२ मध्ये कर्मचारी महिनोन्‌महिने संपावर होते, कारण त्यांना महामंडळातून सरकारात जायचं होतं. स्कॉटलंडमध्ये चित्र उलटं. सरकार म्हणत होतं या, आणि कर्मचारी म्हणत होते नको. कारण सुरक्षितता कुठं आहे याचं गणित वेगळं होतं.

बीटीपीची पेन्शन रेल्वेच्या पेन्शन व्यवस्थेतली. रक्कम ठरलेली, आणि त्यासाठी पैसा फंडात साठवून गुंतवलेला. इतर पोलिसांची पेन्शनही ठरलेलीच, पण तिच्यामागे फंड नाही, ती त्या त्या वर्षीच्या सरकारी तिजोरीतून जाते, आपल्याकडच्या जुन्या पेन्शनसारखी. आता दोनशे माणसं एका व्यवस्थेतून दुसरीकडे न्यायची तर फंडातला त्यांचा वाटा किती, तो काढायचा की तिथंच ठेवायचा, पुढची भर कोण घालणार, आणि तूट निघाली तर कुणाच्या डोक्यावर? स्कॉटिश सरकारनं तिहेरी हमी दिली: नोकरी, पगार, पेन्शन, तिन्हीला धक्का नाही. हमी प्रामाणिक असेलही. पण तिचा अर्थ असा, की एकाच ठाण्यात, एकाच गणवेशात, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन शिपायांचे पगार, सुट्ट्या आणि पेन्शन वेगवेगळी राहणार, आणि तीही तीस वर्षं. ज्या सरकारी कार्यालयात 'जुने' आणि 'नवे' कर्मचारी एका टेबलावर बसतात तिथली हवा आपल्याला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नव्हतं. बीटीपीत असलेल्या स्कॉटिश पोलिसाला बढतीची शिडी सबंध ब्रिटनभर होती. लंडनमध्ये दहशतवादविरोधी कामात चार वर्षं काढून परत ग्लासगोला यायचं, असं शक्य होतं. विलीनीकरणानंतर शिडी उलट लहान दिसत होती, आणि १७ हजारांमध्ये दोनशे रेल्वेवाले म्हणजे सेवाज्येष्ठतेच्या यादीत कुठं बसणार याचा पत्ता नाही. बीटीपीच्या पोलिसांची संघटना विरोधात गेली, रेल्वे कामगारांच्या संघटनाही गेल्या. ज्यांना जोडायचं त्यांनाच नको होतं.

तरीही २७ जून २०१७ ला विधेयक ६८ विरुद्ध ५३ मतांनी मंजूर झालं. एसएनपी आणि ग्रीन पक्ष बाजूनं. लेबर, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट विरोधात. रेल्वे पोलिसांबद्दलची चर्चा इथपर्यंत आली तेव्हा ती रेल्वेबद्दल थोडी आणि लंडन-एडिनबरा संबंधांबद्दल जास्त झाली होती. 'ब्रिटिश' हा शब्द गणवेशावर असावा की नाही, असा वास दोन्ही बाजूंच्या भाषणांना येत होता. मजा म्हणजे त्याच वर्षीच्या निवडणुकीत लंडनमधल्या कॉन्झर्व्हेटिव्हांनी आपल्या जाहीरनाम्यात बीटीपी, अणुकेंद्रांचे पोलीस आणि संरक्षण खात्याचे पोलीस असं सगळं एकत्र करून नवं राष्ट्रीय दल काढू म्हणून लिहिलं होतं. म्हणजे उत्तरेकडून एक ओढतोय, दक्षिणेकडून दुसरा. तेही झालं नाही.

कायदा झाल्यावर खरं काम सुरू झालं आणि तिथंच ते बसलं. पोलीस स्कॉटलंड स्वतःच अजून पुरतं एक झालं नव्हतं. आठ जुन्या दलांचे संगणक एकमेकांशी धड बोलत नव्हते. ते एकत्र आणायचा 'आय-सिक्स' नावाचा साडेचार कोटी पौंडांहून मोठा प्रकल्प जुलै २०१६ मध्ये गुंडाळावा लागला होता. त्याआधी जुलै २०१५ मध्ये एक भयंकर प्रकार घडला. एम-नाइन महामार्गाच्या कडेला घसरलेल्या गाडीची खबर एकानं फोनवरून दिली. कंट्रोल रूममध्ये ती प्रणालीत नोंदलीच गेली नाही. तीन दिवस कुणी तिकडे फिरकलं नाही. गाडीतल्या दोघांचाही जीव गेला. कंट्रोल रूम एकत्र करण्याचं काम तेव्हा चालू होतं. ज्या दलाच्या अंगावर हा व्रण होता त्याला आणखी एक कंट्रोल रूम आणि आणखी एक संगणक प्रणाली जोडायला सांगणं म्हणजे घर शाकारून झालं नसताना वर मजला चढवा म्हणण्यासारखं. फेब्रुवारी २०१८ च्या सुरुवातीला दलप्रमुखांनीच राजीनामा दिला, आणि त्याच महिन्यात न्यायमंत्री मायकल मॅथेसन यांनी सांगितलं की १ एप्रिल २०१९ ची तारीख पाळता येणार नाही.

जूनमध्ये न्यायमंत्री बदलले. नवे मंत्री हमझा युसुफ यांनी उन्हाळ्यातच सांगितलं की आपण इतर पर्यायही पुन्हा तपासतोय. सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो ते वाचकांना सांगायला नको. २०१७ मध्ये मंजूर झालेला कायदा बाजूला ठेवून २०१९ मध्ये पहिल्या-दुसऱ्या वाटेच्या जवळची तडजोड झाली. बीटीपी आहे तशीच राहील, स्कॉटलंडमधल्या रेल्वे पोलीस कामावर देखरेखीसाठी तिच्या प्राधिकरणातच एक स्कॉटिश समिती असेल, आणि तिच्यात पोलीस स्कॉटलंडच्या प्राधिकरणाचेही लोक बसतील. जे चार वर्षांपूर्वी कागदावर होतं, त्याच्या आसपास गाडी फिरून परत आली.

मग असं विलीनीकरण होतच नाही का? होतं. जर्मनीत झालं. तिथं रेल्वेचे स्वतःचे पोलीस होते, बानपोलिझाय. देश एक झाला त्या दिवशी, ३ ऑक्टोबर १९९० ला, पूर्वेकडच्या राज्यांत रेल्वेची राखण केंद्राच्या सीमा सुरक्षा दलाकडे गेली. १ एप्रिल १९९२ ला पश्चिमेतही तेच झालं. पुढे २००५ मध्ये त्या दलाचं नाव बदलून बुंडेसपोलिझाय, म्हणजे संघराज्य पोलीस झालं, आणि आज जर्मन स्टेशनांवर दिसतात ते तेच. एका राज्यानं, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियानं, घटना न्यायालयात जाऊन तक्रार केली की केंद्र मागच्या दारानं आपल्या राज्यात पोलीस घुसवतंय. १९९८ मध्ये न्यायालयानं निकाल दिला: रेल्वे पोलीस केंद्रीय दलाकडे देणं चालेल, पण त्या दलानं राज्यांच्या पोलिसांना समांतर असं सर्वसाधारण पोलीस दल बनायचं नाही.

जर्मनीत ते जमलं आणि स्कॉटलंडमध्ये नाही, याला माझ्या मते शिस्तीपेक्षा साधं कारण आहे. जर्मनीत रेल्वे केंद्राची, तिचे पोलीसही केंद्राचे आणि घेणारं दलही केंद्राचंच. एका खिशातली नोट दुसऱ्या खिशात. सुतळी अख्खीच राहिली. शिवाय रेल्वेची कंपनी करायचं घाटत होतं (१९९४ मध्ये झालीही), आणि कंपनीच्या हाती अटकेचा अधिकार कसा ठेवायचा हा प्रश्न आपोआप सुटला. सीमा दलाकडेही जर्मनी एक झाल्यावर आतल्या सीमेचं काम उरलं नव्हतं, माणसं मोकळी होती. स्कॉटलंडमध्ये यातलं काहीच नव्हतं. तिथं सुतळी मधूनच कापायची होती. देणारा वेगळा, घेणारा वेगळा, बिल भरणारा तिसराच, आणि घेणाऱ्याचे हात आधीच भरलेले.

आपल्याकडे आरपीएफला जास्त अधिकार द्यावेत, गुन्ह्याची नोंद आणि तपास त्यांच्याकडे द्यावा, अशी मागणी अधूनमधून होते. राज्यं नको म्हणतात. ती चर्चा पुन्हा निघेल तेव्हा वर्तमानपत्रात 'सुसूत्रता' आणि 'एकच यंत्रणा' हे शब्द मोठ्या टायपात असतील. निम्मा खर्च देणारी रेल्वे पुढे किती देणार, लोहमार्गच्या हवालदाराची पेन्शन कोण काढणार आणि रात्री दोनला आलेला फोन कुणाच्या टेबलावर वाजणार, हे आतल्या पानावर शोधावं लागेल.

ग्लासगो सेंट्रलवर आजही बीटीपीचे पोलीस उभे असतात. घोषणेत नंबर ६१०१६ च सांगतात, यूस्टनला सांगतात तोच. मावसभावाची बॅग सापडली, पण रिकामी. ती न्यायला त्याला दोनशे किलोमीटरवरच्या ठाण्यात जावं लागलं, कारण गुन्हा तिकडे वर्ग झाला होता. गेला तोही रेल्वेनंच, यावेळी बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून.